खान्देशचा कापूस बंदरापर्यंत नेणारी मुंबईची पोर्ट ट्रस्ट रेल्वे का मागे पडली?

मुंबईच्या हार्बर लाइनवर 'कॉटन ग्रीन' नावाचं स्टेशन आहे. हे नाव कापसाच्या बाजारावरून आलंय आणि त्या बाजारात 'खान्देश' ही कापसाची एक ओळखीची जात होती. हा माल बंदरापर्यंत पोहोचवण्यासाठी मुंबईत एक स्वतंत्र मालवाहू रेल्वे होती. तिचं काय झालं?

ही रेल्वे का बांधली?

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेने गाठी मुंबईत यायच्या, पण पुढे कुलाब्याच्या बाजारापर्यंत बैलगाड्याच. गर्दी, उशीर, आगीची भीती. म्हणून बॉम्बे पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड पियर ते वडाळा अशी सुमारे १२ किलोमीटरची रेल्वे उभारली. १ जानेवारी १९१५ रोजी ती सुरू झाली. पुढे कापूस बाजारही कुलाब्याहून शिवडी परिसरात, या रुळांजवळ हलवला गेला.

माल कसा जायचा?

- धुळ्याचा डबा शाखा मार्गाने चाळीसगावला यायचा आणि मुख्य लाइनला लागायचा. जळगावचा डबा थेट मुख्य लाइनवर.
- मनमाड, इगतपुरी, कसारा घाट, कल्याण असा प्रवास.
- वडाळ्याला डब्यांची वर्गवारी होऊन ते पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात.
- तिथून गोदाम किंवा गोदी. लोकल गाड्यांना अडथळा नाही.

मग बिघडलं कुठे?

रूळ तेच राहिले, माल मात्र दुसरीकडे गेला. कमी अंतराचा माल ट्रकने पळवला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची चाकं थंडावली. जहाजांवर गाठी-पोत्यांऐवजी कंटेनर चढू लागले. त्यासाठी खोल पाणी आणि मोकळी जागा हवी. दाटीवाटीच्या जुन्या गोद्यांत दोन्ही कमी. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर (जेएनपीटी) सुरू झालं आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. बंदर रेल्वेचे अनेक रूळ झुडपांत आणि डांबराखाली गेले.

खान्देशला याचं काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये. चाळीसगावच्या एका शाखेवर अवलंबून असलेल्या धुळ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण नुसत्या रुळांनी शेतकऱ्याच्या गाठी बंदरात पोहोचत नाहीत. स्टेशनाजवळ मालधक्का, गोदाम आणि कंटेनर भरण्याची सोय लागते. १९१५ मध्ये मुंबईने शेवटचे १२ किलोमीटर जोडले, म्हणून शेकडो किलोमीटरची रेल्वे कामाला आली. धुळ्यात जिनिंगपासून मालधक्क्यापर्यंतचं अंतर कोण जोडणार, हे आता रुळांइतकंच महत्त्वाचं आहे.