शिखरांचा हिशेब

साध्या मोबाइलच्या जमान्यात रिंग वाजायच्या क्षणभर आधी शेजारचा टीव्ही ‘टर्र-टर्र’ करायचा. जीएसएम फोन सलग प्रक्षेपण करत नसे. सेकंदाला सुमारे २१७ वेळा, दर वेळी जेमतेम अर्धा मिलिसेकंद तो जोरात बोले आणि गप्प होई. ९०० मेगाहर्ट्‌झवर हा जोर २ वॅटपर्यंत जाई. तो पुरवणारा भाग म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मोड्यूल, काही मिलिमीटरचा चौकोन.

आत बहुधा गॅलियम आर्सेनाइडचे ट्रान्झिस्टर, दोन-तीन टप्प्यांत. खरी कसरत शेवटच्या टप्प्यानंतर. बॅटरी साडेतीन व्होल्टची. तेवढ्यावर २ वॅट काढायचे तर ट्रान्झिस्टरसमोर सुमारे ३ ओहमचाच भार हवा. पुढची जोडणी मात्र ५० ओहमची. म्हणून मधल्या कॉइल-कपॅसिटरच्या जाळ्याने ५० ओहम ट्रान्झिस्टरला ३ भासवायचे. माझ्या मते मोड्यूलची खरी किंमत या जुळणीतच आहे. ट्रान्झिस्टर काय, सुटाही मिळतो.

जीएसएमच्या लहरीची उंची कायम राही, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर बिनधास्त पूर्ण ताणता येई. ३जी-४जीने ही चैन संपवली. ४जीत टॉवर एकाच वेळी शेकडो उपवाहक लहरी पाठवतो. त्या योगायोगाने एका लयीत आल्या की सरासरीच्या आठ-दहा पट शक्तीचं शिखर उठतं. ते छाटलं तर कचरा शेजारच्या चॅनेलमध्ये सांडतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर त्या शिखराच्या मापाचा घ्यायचा आणि एरवी मंद चालवायचा. चार माणसांच्या भातासाठी रोज पंगतीचं पातेलं तापवण्यासारखंच हे. ‘बी’ वर्गाचा आदर्श अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उंचीवर ७८.५ टक्के वीज कामी लावतो, निम्म्या उंचीवर ३९ टक्के. उरलेली उष्णता होते. फोनला यातून सवलत मिळाली: ४जीत फोनकडून टॉवरकडे जाणारी लहर मुद्दाम वेगळ्या पद्धतीने रचली, तिची शिखरं बुटकी असतात. टॉवरला ती सवलत नाही.

टॉवरचं उत्तर मात्र १९३६ सालचं आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम डोहर्टी यांच्यापुढे प्रश्न होता एएम रेडिओच्या वीजबिलाचा. त्यांनी दोन निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब) घेतल्या. पहिली सतत चालू. लहर निम्म्या उंचीवर पोचली की पहिलीचा व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकतो आणि तेव्हाच दुसरी जागी होते. दोघींमध्ये पाव तरंगलांबीची तार असते, आणि तिचा गुण उलटा: एका टोकाचा भार वाढला की दुसऱ्या टोकाला तो घटल्यासारखा दिसतो. दुसरीने प्रवाह ओतला की अँटेनाकडचा भार वाढलेला भासतो, पण पहिलीला तोच कमी झालेला दिसतो. मग व्होल्टेज न वाढवता ती जास्त प्रवाह, म्हणजे जास्त शक्ती देते. निम्म्या उंचीवरही आदर्श कार्यक्षमता पुन्हा ७८.५ टक्के! एक तार एवढं काम करते, यापेक्षा देखणी युक्ती मला या विषयात दिसलेली नाही.

१९३८ साली केंटकीतल्या लुइव्हिलच्या ५० किलोवॅटच्या रेडिओ केंद्रात हे यंत्र बसलं. नळ्या गेल्या आणि डोहर्टींचं नाव ग्रंथालयात पडून राहिलं. ३जी-४जीच्या शिखरांनी ते बाहेर काढलं. आज टॉवरवर सिलिकॉनच्या किंवा गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांची हीच जोडी दिसते.

तिचा एक दोष टिकून आहे. दुसरा ट्रान्झिस्टर जागा होतो त्या सांध्यावर लहर किंचित वाकडी होते. म्हणून बाहेर पडणाऱ्या लहरीचा नमुना घेऊन संगणन करणारी चिप पुढची लहर आधीच उलटी वाकवून ठेवते. तिलाही वीज लागते. मोठ्या टॉवरच्या बचतीपुढे ती किरकोळ. पण वॅट-दोन वॅटच्या छोट्या केंद्रात ही दुरुस्तीच वाचवलेल्या विजेचा मोठा वाटा खाऊन टाकू शकते.