न दिसणारा परीक्षक

लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचा वग रंगला नाही, तर गिरणीची पाळी संपवून आलेला प्रेक्षक ते तोंडावर सांगे. दादरच्या शिवाजी मंदिरात आजही नाटक पडले की विंगेतून रिकाम्या खुर्च्या मोजता येतात. हा न्याय कठोर खरा. परंतु तो कोणी केला आणि कशासाठी केला, हे कलावंताला कळते.

याच वस्त्यांतील तरुण आता आपली कला मोबाइलवर चित्रित करून यूट्यूब वा इन्स्टाग्रामच्या हवाली करतो. त्याला नाट्यगृहाचे भाडे नाही, कंत्राटदाराची मनधरणी नाही. ही सोय लहान नव्हे, आणि जुन्या व्यवहारात कलावंत किती नागवला जाई हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी तिला नावे ठेवू नयेत. मात्र त्याची चित्रफीत किती जणांपुढे जावी हे ठरवणारी यंत्रणा त्याला दिसत नाही आणि तिचे नियम त्याला न विचारता बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. ती पूर्ण न करणाऱ्या जुन्या वाहिन्याही महिन्याभरात त्या वाट्याला मुकल्या.

अपयशाचे कारण कळेनासे झाले की माणूस ते स्वतःतच शोधू लागतो. आठ दिवस विश्रांती घेतली तर आपण विसरले जाऊ, ही धास्ती त्याला झोपू देत नाही. मग तो पोवाड्याचा आरंभच गाळतो; प्रेक्षक तेवढा थांबणार नाही, असे त्याला आकडे सांगत असतात. (मुजऱ्यावाचून डफावर पडलेली थाप लालबागच्या जुन्या रसिकांनी कशी ऐकली असती?) अशा वेळी कलाकृतीचा कर्ता नेमका कोण म्हणायचा?

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनी काही कारणांसाठी आपणहून मजकूर काढण्यापूर्वी कर्त्याला कारण कळवावे व दाद मागण्याची संधी द्यावी, असे बंधन आहे. परंतु मजकूर जागेवर ठेवून तो कोणापुढे जाऊच न देणे, याविषयी त्या तरतुदीत अवाक्षर नाही. कंपन्यांच्या खाजगी व्यवहारात सरकारने पडू नये, हा युक्तिवाद येथे टिकणारा नाही. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही हिरावून घेता येऊ नये, म्हणून २०१२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केलाच होता. ज्यांचा चरितार्थ या उत्पन्नावर चालतो, त्यांना प्रसार घटवल्याचे कारण लेखी, ठरावीक मुदतीत आणि मराठीत मिळावे, एवढी तरतूद त्याच नियमांत करता येईल.