ऐकत नाही, की ऐकता येत नाही?

‘आईच्या लाडाने बिघडला’, ‘कुणाची तरी नजर लागली’. एका जागी न बसणाऱ्या मुलाबद्दल आपण घरात असेच बोलतो. पण काही मुलांना एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे त्यांना खरोखरच जड जाते.

हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा. वेळेआधी जन्म किंवा जन्मतः कमी वजन असल्यास शक्यता वाढते. लाडाने एडीएचडी होत नाही, आणि माराने जात नाही.

रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये तो कळत नाही. दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी निदान ६ लक्षणे ६ महिने टिकली आहेत का, त्यांची सुरुवात १२ वर्षांच्या आत झाली का, ती घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, त्यामुळे मुलाचे अडते का, हे डॉक्टर पाहतात. कान, डोळे, झोप यांचीही चौकशी करतात. मुली पुष्कळदा दंगा न करता नुसत्या हरवलेल्या असतात, म्हणून त्या लक्षात येत नाहीत.

तेव्हा बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना शाळेतल्या बाईंकडून, मदरशातल्या उस्तादांकडून मूल कसे वागते ते लिहून घेऊया. दोष नंतर कुणालाही देता येईल, आधी मूल समजून घेऊया.