समुद्राचा रंग उपग्रहाला काय सांगतो?

उपग्रहाच्या नकाशात अरबी समुद्राचा एखादा पट्टा लाल दिसला, की तिथले पाणीच लाल झाले किंवा उपग्रहाने तिथले जीव मोजले, असा अनेकांचा समज होतो. नकाशातले रंग नंतर भरलेले असतात. उपग्रहावरचे उपकरण पाण्यातून परतणारा निळा आणि हिरवा प्रकाश टिपते. वनस्पतिप्लवकांमधले (पाण्यासोबत वाहणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमधले) हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते. निळा कमी परतला, तर हरितद्रव्य जास्त, असा अंदाज बांधतात.

कोऱ्या चहाच्या रंगावरून पूड किती पडली ते कळते. दूध घातले की अंदाज फसतो. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळ नेमके हेच करतो. म्हणून किनाऱ्यालगतचे आकडे जपून वापरावेत. शिवाय ऐन पावसाळ्यात, वनस्पतिप्लवक जोमाने वाढत असतानाच, ढग समुद्र झाकून टाकतात.

कल सांगताना तर आणखी सबुरी हवी. १९९७ नंतरच्या सात वर्षांच्या नोंदींवरून २००५ मध्ये पश्चिम अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक वाढत असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या चमूने उपग्रहाच्या नोंदींना संगणकीय प्रारूपांची जोड दिली, तेव्हा पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट दिसली. एक उपग्रह निकामी होतो, दुसरा येतो. नव्याचे आकडे जुन्याशी जुळवून आणि जहाजावरून आणलेल्या पाण्याच्या नमुन्यांशी ताडूनच मालिका पुढे न्यावी लागते. भारताचा ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्ये अवकाशात गेला. त्यावरही असेच रंग टिपणारे उपकरण आहे.