निसटता ध्वनी आणि त्याची नोंद

मैफलीत एखादा गवई अवचित अशी जागा घेऊन जातो की, ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘वाहवा’ निघेपर्यंत ती निघूनही गेलेली असते. पुन्हा म्हणा म्हटले, तर तीच जागा पुन्हा येईलच असे नाही. संगणकावर नवनवे ध्वनी घडविण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना हा अनुभव पदोपदी येतो. म्हणून या कामासाठी सॉफ्टवेअर कोणते निवडावे, या प्रश्नाचा विचार आज आपण याच एका बाजूने करणार आहोत.

आधी माझी स्वतःचीच फजिती सांगतो. एका हौशी नाटकासाठी मला पुराच्या पाण्याचा भयकारी आवाज हवा होता. घरच्या तांब्याच्या घागरीत पाणी ओतून मी तो आवाज मुद्रित केला, संगणकावर त्याचा सूर दोन सप्तके खाली आणला आणि त्याच्या प्रतिध्वनीचा काही अंश पुन्हा त्याच प्रतिध्वनीत सोडला. मग पडद्यावरची तीन बटणे कमीअधिक करीत बसलो. मध्यरात्रीच्या सुमारास असा काही घोष उमटला की, अंगावर काटा उभा राहिला. बटणांची ती शेवटची स्थिती जपून ठेवून मी समाधानाने झोपलो. सकाळी तीच स्थिती उघडली, तर नुसती घरघर! पुढे दोन दिवस बटणे फिरविली. तो घोष काही परत आला नाही. कारण तो बटणांच्या स्थितीत नव्हताच. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीकडे जाताना हात ज्या गतीने फिरला, त्या फिरण्यात तो होता. आणि त्याची नोंद मी घेतलीच नव्हती. नाटकाचा पडदा अखेर एका साध्याच आवाजावर उघडला.

ही अडचण नवी नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदी मंडळींनी तेथे प्रयोग केले. त्या यंत्रात तारा जोडून आणि बटणे फिरवून ध्वनी निर्माण होई. तारा काढल्या की ध्वनी गेला. यंत्राला स्मरणशक्ती अशी नव्हतीच. तरीही त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध होऊ शकल्या; कारण प्रयोग चालू असताना शेजारी ध्वनिफीतही फिरत होती.

आजच्या संगणकावर मात्र ही नोंद दोन प्रकारांनी घेता येते, आणि त्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पहिली नोंद प्रत्यक्ष ध्वनीची. ती ध्वनिफितीसारखी असते. कापता येते, जोडता येते, पण आतले एखादे बटण मागाहून बदलता येत नाही. दुसरी नोंद हाताच्या हालचालीची. तिला ‘ऑटोमेशन’ म्हणतात. कोणते बटण कोणत्या क्षणी किती फिरले, याची रेषा पडद्यावर उमटते आणि दुसऱ्या दिवशी ती सुधारताही येते. परंतु ध्वनीच्या रचनेत यदृच्छेचा अंश असेल, तर तीच हालचाल पुन्हा करूनही ध्वनी वेगळाच उमटतो. म्हणून एक नोंद दुसरीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही एकाच वेळी हव्यात.

तेव्हा सॉफ्टवेअर घेताना ‘यात आवाज किती प्रकारचे आहेत?’ असे न विचारता तीन प्रश्न विचारावेत. स्वतःतून बाहेर पडणारा ध्वनी वाजता वाजताच दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करता येतो काय? प्रत्येक बटणाची हालचाल नोंदता येते काय, आणि ती पुरेशा बारकाईने काय? १९८३ साली रूढ झालेल्या मिडी पद्धतीच्या साध्या संदेशात बटणाच्या अवघ्या १२८ पायऱ्या असतात. संथपणे फिरविताना त्या पायऱ्या कधी कधी कानाला जाणवतात. तिसरा प्रश्न, हात फिरल्यावर ध्वनी किती उशिरा बदलतो? सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर २५६ नमुन्यांचा ठेवला, तर त्या बफरपायी सुमारे ५ मिलिसेकंदांचा विलंब होतो. तोच २,०४८ चा ठेवला, तर सुमारे ४३ मिलिसेकंदांचा. इतक्या विलंबाने हात आणि कान यांची फारकत होऊ लागते.

या कसोट्यांवर काही नावे घासून पाहू. ऑडेसिटी विनामूल्य असून मुद्रण आणि काटछाट यांसाठी उत्तम आहे. पण इफेक्टच्या बटणांची हालचाल नोंदविणे हे तिचे काम नव्हे. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. त्यात ट्रॅकमधून बाहेर पडणारा ध्वनीही मुद्रित होतो आणि बटणांची हालचालही नोंदली जाते. २००१ साली आलेले एबलटन लाइव्ह थेट वादनाच्या कल्पनेवरच रचलेले आहे आणि दोन्ही नोंदी त्यात सुलभपणे होतात. मात्र त्याच्या पूर्ण आवृत्तीला पैसे बरेच मोजावे लागतात. मिलर पकेट यांचे प्युअर डेटा विनामूल्य आहे. परंतु तेथे सगळी जोडणी आपणच करावयाची, आणि नोंदीची सोयही आपणच मांडू तेव्हाच होणार. नवशिक्याने रीपरपासून आरंभ करावा आणि जोडणीची गोडी लागल्यावर प्युअर डेटाकडे वळावे, असे माझे मत आहे.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, एक सवय मात्र लावून घ्यावी. बटणाला हात लावण्यापूर्वी मुद्रण सुरू करावे. ‘आधी आवाज जमू दे, मग मुद्रित करू’ ही काटकसर फार महागात पडते. २४ बिटांचे दोन बाजूंचे तासभर मुद्रण ४८,००० नमुन्यांनी केले, तरी जागा लागते ती सुमारे एक गिगाबाइट. शेवटी मायक्रोफोनवर दोन शब्द बोलून ठेवावेत, ‘घागरीचे पाणी, तिसऱ्या खेपेस चांगले’, म्हणजे उद्या शोध घेणे सोपे जाते. नको असलेला भाग मागाहून पुसता येतो. जो मुद्रितच झाला नाही, तो मात्र कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही.

माझ्या घागरीत अजून पाणी आहे, आणि आता बटणाला हात लावण्यापूर्वी मुद्रणाचा लाल दिवा लागलेला असतो.