झोप आणि नैराश्यावरील उपचार : भोपाळच्या संदर्भात

भोपाळच्या दक्षिणेकडील हबीबगंजपासून जुन्या शहराच्या उत्तरेकडील वस्त्या काही किलोमीटरवरच आहेत. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा काझी कॅम्प, जे. पी. नगर येथील रहिवासी झोपेत होते. डॉक्टरांचे लक्ष साहजिकच डोळे व फुप्फुसांकडे गेले. १९८५ मध्ये सरकारी दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची मानसिक तपासणी झाली असता २२.६ टक्के रुग्णांत मानसिक विकार आढळले. त्यांत नैराश्याचे प्रमाण सर्वाधिक होते आणि बहुसंख्य रुग्ण स्त्रिया होत्या.

आपल्याकडे रुग्ण ‘मन उदास आहे’ असे क्वचितच सांगतो. ‘झोप लागत नाही’ असे मात्र हमखास सांगतो. ही तक्रार किरकोळ समजली जाते, ते योग्य नव्हे. पहाटे फार लवकर जाग येणे व सकाळी मन सर्वांत जड असणे ही तीव्र नैराश्याची ओळखीची लक्षणे होत. निरोगी माणसास स्वप्नांची निद्रा साधारण ९० मिनिटांनी लागते. नैराश्यात ती बरीच आधी येते. याहून चमत्कारिक बाब अशी की, रात्रभर जागे ठेवल्यास कित्येक रुग्णांची उदासी दुसऱ्या दिवशी ओसरते. जर्मनीतील फ्लूग व टोले यांनी १९७१ मध्ये हे मांडले. पण पुन्हा झोप झाली की उदासी बहुधा परतते. म्हणून जागरण हा घरी करण्याचा इलाज नव्हे. द्विध्रुवी विकारात त्यातून उन्मादाचा झटका येऊ शकतो.

औषधांबाबत गैरसमज होतो तो इथेच. मिर्टाझापिन किंवा अॅमिट्रिप्टिलीन रात्री घेतल्यास झोप काही दिवसांत सुधारते, मन सावरण्यास मात्र दोन ते चार आठवडे किंवा अधिक काळ लागतो. झोप आली म्हणजे आजार गेला, असे समजून गोळ्या बंद केल्या जातात आणि नैराश्य पुन्हा डोके वर काढते. उलटपक्षी, मन सुधारूनही निद्रानाश उरला तर आजार उलटण्याचा धोका अधिक असतो. अशा वेळी अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते. उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे आणि झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे यांवर आधारलेली वर्तनोपचार पद्धती अधिक टिकाऊ ठरली आहे.

रमजानमध्ये तरावीह व सहरीमुळे झोपेचे दोन तुकडे होतात. औषधांच्या वेळा तेव्हा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. लिथियम घेणाऱ्यांनी तर रोजा धरण्यापूर्वीच विचारावे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते.