वेग वाढला, पण किती कामी आला?

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा वेग वाढवला की त्याचा खेळ किती सुधारतो, हे केन थॉम्पसनने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चक्क मोजून पाहिलं. युनिक्स घडवणारा तोच हा थॉम्पसन. जो कॉन्डनसोबत त्याने बेल लॅबमध्ये ‘बेल’ हे यंत्र बांधलं होतं. चाली शोधण्याचं काम थेट सर्किटवर सोपवल्यामुळे ते सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती तपासायचं. १९८० साली लिंझला भरलेली संगणकांची जागतिक स्पर्धा त्यानेच जिंकली.

थॉम्पसनने या यंत्राला स्वतःशीच खेळायला लावलं. प्रोग्राम दोन्हीकडे तोच. एक बाजू चार अर्ध्या चाली पुढचं बघणार, दुसरी पाच. (अर्धी चाल म्हणजे एकाच खेळाडूची खेळी.) पाचवाली बाजू मानांकनात तीनशेहून जास्त गुणांनी सरस ठरली. पण आठवरून नऊवर गेल्यावरचा फायदा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरला.

त्यात प्रत्येक पायरी महागडी. मध्यडावात सरासरी पस्तीसेक चाली शक्य असतात. अल्फा-बीटा पद्धतीने निरुपयोगी फांद्या (म्हणजे चालींचे पर्याय) छाटल्या, तरी आणखी एक अर्धी चाल बघायला पाच-सहापट काम पडतं. आणि एवढं करूनही नजर कुठेतरी संपतेच. समजा, आठ अर्ध्या चाली बघणाऱ्या यंत्राचा हत्ती अडकलाय. ते मध्येच एक प्यादं फुकट पुढे करतं, समोरच्याला ते घेणं भाग पडतं. हत्ती जाणारच असतो, पण आता दहाव्या अर्ध्या चालीला. यंत्राच्या लेखी तो वाचला! हान्स बर्लिनरने या दोषाला ‘क्षितिज परिणाम’ म्हटलं.

यावर आयबीएमचा उपाय होता निव्वळ ताकदीचा. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवणाऱ्या डीप ब्लू या यंत्रात बुद्धिबळासाठीच घडवलेल्या ४८० चिप होत्या, वेग सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती. त्या विजयाचं श्रेय लोक सर्रास वेगालाच देऊन मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. कारण २००९ साली ब्वेनोस आयरेसच्या मेर्कोसुर स्पर्धेत एका मोबाईलवर चालणाऱ्या पॉकेट फ्रिट्झ ४ या प्रोग्रामने दहापैकी साडेनऊ गुण कमावले, तेही सेकंदाला २०,०००हून कमी स्थिती तपासून. म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजारांश वेगात! मधल्या बारा वर्षांत कुठली फांदी बघायचीच नाही, हे प्रोग्राम फार चांगलं शिकले होते.

मग हार्डवेअर बिनकामाचं ठरलं का? मुळीच नाही. २०२० साली स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रामने स्थितीचं मूल्यमापन एका छोट्या न्यूरल नेटवर्ककडे दिलं. सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थिती बऱ्याच घटल्या, तरी खेळ ठळकपणे सुधारला. पण ते नेटवर्क परवडलं कशामुळे? आजचे प्रोसेसर एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर हिशेब करतात म्हणून. वेग खर्च झालाच. फक्त जास्त स्थिती बघण्याऐवजी प्रत्येक स्थिती नीट पारखण्यावर.

आता अडचण वेगळीच आहे. अव्वल इंजिनं (म्हणजे असे प्रोग्राम) समतोल सुरुवातीपासून खेळली की डाव बहुतेक बरोबरीतच सुटतो; दुप्पट वेग दिला तरी निकालात फारसा उमटत नाही. म्हणून टीसीईसीसारख्या इंजिनांच्या स्पर्धांत आयोजक मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडतात आणि तीच सुरुवात दोन्ही इंजिनांना आळीपाळीने पांढऱ्या व काळ्या बाजूने खेळायला देतात.